रामेश्वराची वाट आणि तंजावरची छत्रे

काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यावयाची आणि परतताना सेतूची वाळू प्रयागी त्रिवेणीत सोडावयाची, ही यात्रा महाराष्ट्राला परकी नाही. नाथांनी तहानेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले, ही कथा तर घरोघर ठाऊक आहे. परंतु ती कावड ज्या वाटेने जावयाची, त्या वाटेवर पांथस्थाला अन्न आणि निवारा कोण देत असे, याचा विचार सहसा होत नाही. पूर्व किनाऱ्याने येणाऱ्या यात्रेकरूंना तंजावरचा मुलूख ओलांडूनच सेतुपतींच्या रामनाडात शिरावे लागे. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या या मराठी राज्याने ती वाट आपली मानली.

वाट सोपी नव्हती. येथे सह्याद्रीसारखे घाट नाहीत हे खरे. पण कावेरीचे फाटे फुटून झालेल्या या सपाट मुलखात पावलोपावली नदी आडवी येते. ईशान्येचा पाऊस कार्तिक-मार्गशीर्षात कोसळू लागला की भातखाचरांतला चिखल चालणाऱ्याचा पाय धरून ठेवतो. दक्षिणेला समुद्राकडे वळले की चिखलाच्या जागी वाळू आणि ऊन. अशा वाटेवर खांद्याला कावड असलेला माणूस आणखी काय वाहणार? घोंगडी, तांब्या, काठी, पडशीत मूठभर पीठ. माणसाने पाठीवर किती ओझे घ्यावे, हे त्याच्या बळापेक्षा पुढचा मुक्काम किती दूर आहे आणि तेथे काय मिळेल, यावरच ठरते. डोंगर चढणाऱ्या आजच्या हौशी माणसालाही हा हिशेब चुकलेला नाही.

तंजावरच्या राजांनी हा हिशेब छत्रे बांधून सोडविला. मराठीतले अन्नछत्र म्हणजेच तमिळ भाषकांचे चत्तिरम्. निडामंगलम्, राजामडम्, मणमेलकुडी, मिमिसल अशा ठिकाणी ती उभी राहिली. पुष्कळांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या दिवंगत प्रियेच्या, मुक्तांबेच्या नावाने ओरत्तनाडू येथे १८०२ साली बांधलेले छत्र त्यांत विशेष प्रसिद्ध. तंजावरपासून ते सुमारे २४ किलोमीटरवर आहे, म्हणजे धडधाकट माणसाची एका दिवसाची चाल.

मात्र त्याच सुमारास या छत्रांवर संकट आले होते. १७९९च्या तहाने सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला व त्याभोवतीचा थोडा भाग एवढेच राहिले. बाकी सर्व राज्याचा कारभार कंपनीने घेतला. छत्रांना लावून दिलेल्या जमिनींचे काय होणार? १८०१ साली राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास लिहिलेले पत्र या प्रश्नातून आले. राज्य गेल्याचे दुःख त्यात उगाळलेले नाही. छत्रांत काय चालते याचे तपशीलवार वर्णन आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत जो येईल त्याला अन्न. शिजविलेला भात न घेणाऱ्याला कोरडा शिधा. (जातिभेद येथे मोडला नव्हता, हे यावरूनच दिसते, पण दारातून परत कोणाला पाठविले जात नव्हते.) मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, असा पुकारा होई. आजारी वाटसरूला वैद्य, औषध व पथ्याचे अन्न. वाटेत बाळंत झालेल्या स्त्रीला तीन महिने राहण्याची मुभा. परक्या मुलखातून आलेली पोरकी मुले छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन केली जात. दानधर्मामुळे आपल्या मुलखाला मिळालेली कीर्ती हाच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आहे, असे सांगून राजांनी ही व्यवस्था मोडू नये अशी विनंती केली. सत्ता गमावलेल्या राजाने विजेत्याकडे मागावे काय, तर वाटसरूंचा भात. या पत्राला केवळ दानपत्र समजणे अपुरे होय. राजपदाचा अर्थ काय, याविषयीचे ते कैफियतनामाच आहे. छत्रे राजांकडे राहिली.

पुढे १८२० ते १८२२ या काळात सरफोजी स्वतः काशीयात्रेस निघाले. बरोबर सुमारे ३,००० माणसांचा तांडा होता. कावडीवाल्याच्या पडशीशी या लवाजम्याची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. पण वाट तीच होती, फक्त उलट दिशेची. परतताना राजांनी काशीहून गंगेबरोबर हस्तलिखितेही आणली आणि ती सरस्वती महालात ठेविली. या प्रवासावर ‘त्रिस्थळीच्या यात्रेच्या लावण्या’ रचल्या गेल्या. लावणीने तीर्थयात्रेचे वर्णन करावे, हे तंजावरातच शोभते.

१८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली नागपट्टणमहून तंजावरपर्यंत आगगाडी आली. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि यात्रेकरू डब्यात बसून थेट रामेश्वरी उतरू लागला. पायवाट ओस पडली. छत्रांच्या उत्पन्नातून पुढे शाळा आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली. ओरत्तनाडूच्या छत्राच्या जोत्यावर मात्र दगडी घोडे आणि हत्ती अजून जुंपलेले आहेत, इमारतीचा रथ ओढीत असल्यासारखे.