दूध आणि उंदीर : बंदिस्त सापाच्या आहाराविषयी एक टिपण

ज्या नदीवरून नागपुरास नाव मिळाले असे मानतात, ती नाग नदी आजही शहरातून वाहते. या शहरात श्रावण शुद्ध पंचमीस चितारलेल्या नागाची पूजा होतेच. परंतु गारुड्याच्या पेटाऱ्यातील जिवंत नागापुढेही दूध व लाह्या ठेवण्याची चाल दीर्घकाळ होती. ‘सापाला दूध पाजणे’ हा वाक्प्रचारही सर्वपरिचित आहे. यावरून आपल्याकडे बाळगलेल्या सापाचा आहार दूध होता, असे अनुमान काढता येईल काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

प्राणिशास्त्र या अनुमानास आधार देत नाही. नाग उंदीर, बेडूक, अंडी, प्रसंगी इतर साप खातो. भक्ष्य तो सबंध गिळतो, आणि पचन बाहेरील उष्णतेवर अवलंबून असते. अमेरिकेतील कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप हौसेने पाळणारेही त्यास काही दिवसांच्या अंतराने एखादा उंदीरच देतात. मग नाग दूध पीत असे, तो कसा? पंचमीपूर्वी त्यास पाण्यावाचून ठेवले जाई. तहानेला साप पुढे येईल ते द्रव पितो. उपासकाने ज्यास नैवेद्याचा स्वीकार मानले, ती वस्तुतः तहान होती. असे दूध सापास पचत नाही.

याउलट सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील प्रथा पाहावी. तिचा उगम परंपरा गोरखनाथांशी जोडते. पंचमीपूर्वी नाग पकडावयाचे, मडक्यांत ठेवावयाचे, त्यांस बेडूक-उंदीर घालावयाचे आणि उत्सवानंतर पुन्हा रानात सोडावयाचे, असा तेथील क्रम होता. मिरवणुकीचा जाच त्यात होता, हे नाकारता येत नाही. तथापि आहाराचे ज्ञान यथार्थ होते. मुंबईत परळ येथील प्रयोगशाळेस 1925 मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. त्या संस्थेत प्रतिविषासाठी विषारी साप बाळगण्यात आले. पुन्हा विष मिळावयाचे तर साप जगला पाहिजे. सबब तेथे सापास जगवील असाच आहार देणे भाग होते.

तात्पर्य, साप पंचमीनंतरही जिवंत हवा होता की नाही, यावरून त्याचे खाद्य ठरत असे. दूध हे उपासकाच्या श्रद्धेचे प्रमाण आहे, सापाच्या आहाराचे नव्हे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने साप बाळगण्याच्या या चालींस आळा घातला. शिराळ्याची प्रथा पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. 2025 मध्ये केंद्र शासनाने केवळ शैक्षणिक हेतूने 21 नाग पकडण्यास अनुमती दिली. हे निर्बंध योग्यच होत. परंतु साप बाळगणाऱ्यांपाशी जे अनुभवजन्य ज्ञान होते, ते बहुतांशी तोंडीच राहिले. ज्यांना ते आठवते त्यांची पिढी वृद्ध झाली आहे. विदर्भातील अशा व्यक्तींच्या साक्षी वेळीच टिपून घेणे, हे आपल्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे.