छोट्या धडकेनंतर गाडीचं अलाइनमेंट: मोबाईल आणि सुतळीने घरी कसं तपासायचं?

मागच्या हिवाळ्यात शहादा-नंदुरबार रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली, माझ्या मामेभावाने गाडी बाजूला घेतली आणि पुढचं डावं चाक एका छोट्या पुलाच्या कठड्याला धडकलं. वेग जेमतेम २० चा. बंपरला ओरखडा, अलॉय थोडं खरचटलेलं, बाकी काही दिसत नव्हतं. गाडी साधी हॅचबॅक, पण बुटक्या स्प्रिंगा आणि रुंद टायर टाकून त्याने तिची ‘स्पोर्ट्स कार’ केलेली. दुसऱ्या दिवशी तो अलाइनमेंट करून आला. स्क्रीनवर टो हिरवा, म्हणजे सगळं ओके. तरी गाडी डावीकडे ओढत होती. "रस्त्याला ढाळ असतोच भाऊ," असं त्याला सांगितलं गेलं. आणि पुढच्या रविवारी मामा-मामींसकट सगळे तोरणमाळला निघणार होते.

ढाळाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच ठेवतात, आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकते. टायरमध्ये हवा कमी-जास्त असली तरी तेच होतं. म्हणून आधी हवा तपासा. तरीही स्टेअरिंग सतत धरून ठेवावं लागत असेल, तर कोन मोजायची वेळ आली.

कोन मुख्यतः तीन. वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर, हा टो. समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत कललंय की बाहेर, हा कॅम्बर. बाजूने पाहिलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा कल, हा कॅस्टर. बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि त्यात फक्त टो बदलता येतो, टाय रॉड फिरवून. कॅम्बर आणि कॅस्टर पार्टच्या आकारातूनच ठरतात. म्हणजे धडकेनंतर कॅम्बर बदलला असेल तर काहीतरी वाकलंय. अशा वेळी नुसता टो जुळवला की स्क्रीन हिरवी होते आणि वाकलेला पार्ट तसाच आत राहतो.

कॅम्बर मोजायला मोबाईल पुरतो. आतल्या ॲक्सेलरोमीटर चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा टांगलेला असतो. गुरुत्वाकर्षणाने तो किती सरकला यावरून फोन स्वतःचा कल ओळखतो. दशांशात आकडा दाखवणारं लेव्हल ॲप घ्या. स्टेअरिंग सरळ करून गाडी दोन-चार मीटर पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन नीट बसतं. जॅक लावायचा नाही. एक सरळ लाकडी पट्टी रिमच्या वरच्या आणि खालच्या काठाला टेकवा आणि तिच्यावर फोनची बटणं नसलेली कड लावा. दोन्ही चाकांना तीच कड लावायची. त्यामुळे फोनची स्वतःची चूक दोन्हीकडे सारखी येते आणि फरक काढताना उडून जाते. जमिनीचा उतार मात्र असा उडत नाही. त्यासाठी गाडी त्याच जागी उलट तोंडाने लावा, पुन्हा मोजा आणि प्रत्येक चाकाची सरासरी काढा. (फोनवर विश्वास नसेल तर गवंड्याचा ओळंबा आहेच. १४ इंची रिमवर १ अंश म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर.)

टोसाठी सुतळी. कॉलेजात आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये हीच पद्धत होती. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतच्या वेळी पिटमध्ये सुतळ्या ताणलेल्या सगळीकडे दिसायच्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर सुतळी ताणा. पुढच्या हबच्या मध्यापासून सुतळीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं हवं, मागच्या हबचंही तसंच. आता पुढच्या रिमचा पुढचा काठ आणि मागचा काठ सुतळीपासून किती लांब आहेत ते मोजा. पुढचा काठ जास्त लांब असेल तर चाक आत वळलेलं. १४ इंची रिमवर २ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.३ अंश. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. जाता जाता दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतरही टेपने मोजून घ्या.

आमच्या गाडीत उजवा कॅम्बर उणे ०.५ अंश निघाला, डावा अधिक १.३. डावीकडचं हब-ते-हब अंतर ९ मिलिमीटर कमी. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक असतो तिकडे ओढते, म्हणजे सगळं जुळत होतं. ओळखीच्या मिस्त्रीने गाडी वर घेतली आणि टॉर्च मारला. डावा लोअर आर्म वाकलेला. खालून चाक आत ढकललं गेलं होतं. तोरणमाळची ट्रिप एक आठवडा पुढे गेली, मामी दोन दिवस माझ्यावर रागावल्या. आर्म बदलल्यावर डावा कॅम्बर उणे ०.४ वर आला. मग टो पुन्हा जुळवून घ्यावाच लागला, कारण आधीचा वाकलेल्या आर्मच्या हिशोबाने जुळवला होता.

खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये बरेचदा डबल विशबोन असतात आणि कॅम्बरही ॲडजस्ट होतो. तिथे धोका उलट: वाकलेला पार्ट ॲडजस्टमेंटमध्ये लपवता येतो. तिचे आर्म आणि नकल अनेकदा ॲल्युमिनियमचे असतात. ते ठोकून सरळ करू देऊ नका; आत बारीक तडा राहू शकतो. बदलायचेच.

अलाइनमेंट सेंटरवर ‘आधीचं’ आणि ‘नंतरचं’ अशी दोन्ही प्रिंट मागा, आणि आधीच्या प्रिंटमध्ये डावा-उजवा कॅम्बर स्वतः बघा. गाडीत ईएससी असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर सेट केला का, हेही विचारा. नाहीतर कॉम्प्युटरला सरळ जाणारी गाडीही वळतेय असं वाटत राहतं.