मधमाशी आणि किण्व

महाबळेश्वर येथे मुंबई प्रांतातील संघटित मधमाशीपालनाचा आरंभ १९४६ साली झाला. पाळावयाची ती मुख्यतः सातेरी. सह्याद्रीच्या दमट हवेतील मधात पाण्याचा अंश शेकडा २० च्या वर गेला, की किण्वे वाढून तो आंबे. म्हणून मध तापवून गाळण्याची रीत पडली आणि किण्व हा मधाचा शत्रू ठरला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते खरेच होते.

पोळ्यातील व्यवहार मात्र निराळा. कामकरी माशी परागात मध व लाळ मिसळून तो घरांत दाबून भरते. तेथे जीवाणू व किण्वे यांच्या सहवासात तो मुरतो आणि पुढे त्यावरच पिलांचे पोषण चालते. आंबणे व मुरणे असा भेद मराठी लोणच्याच्या बरणीपाशीही करतेच. अमेरिकेत मार्था गिलियम यांनी अशा परागातील किण्वांची नोंद १९७९ साली प्रसिद्ध केली.

१९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड विषाणूने सातेरीच्या असंख्य वसाहती बुडविल्या. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरत. किण्व हे या रोगावरील औषध नव्हे. परंतु उपाशी वसाहत कोणत्याही रोगापुढे लवकर हरते.

सांगलीकडे तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत केवडा व भुरी यांवर बुरशीनाशके फवारतात. किण्वे बुरशीच्याच कुळातील. बांधावरच्या फुलांवर उडालेला तुषार परागाबरोबर पोळ्यात जातो व तेथील किण्वांनाही बाधू शकतो. तेव्हा बाहेरून किण्वे चारण्याआधी फुललेल्या बांधावरची फवारणी टाळणे अधिक शहाणपणाचे व बिनखर्चाचे दिसते.