प्रवासातले जेवण

प्रवासात चांगले हॉटेल कोणते, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. आपल्या वाडवडिलांना मात्र त्याआधीचा प्रश्न पडे : आत घेतील काय?

१९०१ साली बाबासाहेब भावंडांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, जात कळली, आणि दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी स्वतःच हाकावी लागली. डब्यात अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी निजली.

अमेरिकेतील काळ्यांचा अनुभव वेगळा नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढली. काळ्या प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, याची ती यादी. तिची गरजच संपावी, ही ग्रीन यांची इच्छा. पण नुसत्या यादीने दारे उघडत नाहीत. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी गोऱ्यांच्या उपाहार-काउंटरवर बसले आणि नकार मिळूनही उठले नाहीत. हे लोण देशभर पसरले. १९६४ साली कायदा झाला. पुढे मार्गदर्शिकाही थांबली.

आपली यादी तोंडीच होती : कोणत्या गावी, कोणत्या वस्तीत, कोणाकडे उतरायचे. राज्यघटनेच्या १५व्या कलमाने उपाहारगृहे सर्वांना खुली केली. १९५५च्या कायद्याने मज्जाव हा गुन्हा ठरला. तरीही अनेक गावांत चहाची वेगळी कपबशी टिकून राहिली. विद्यार्थ्यांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून ही तोंडी यादी लिहून घ्यावी. तोही आपला इतिहास आहे.