गळती आणि ठिणगी यांचा संक्षिप्त इतिहास

मोटारीचा जन्म १८८६ सालचा. त्या वर्षी जर्मनीतल्या मानहाइम गावच्या कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून इतिहासकार तेच साल घोकत आले आहेत. पण मूल कधी जन्मलं हे नगरपालिकेच्या दाखल्यावर असतं. त्याला पहिला ताप कधी भरला हे फक्त आईलाच आठवतं. मोटारीचं पहिलं लक्षात राहिलेलं दुखणं १८८८ च्या ऑगस्टमधलं, आणि ते काढलं एका आईनेच.

कार्लराव गाडी बनवण्यात वाकबगार, पण ती चारचौघांत मिरवायच्या बाबतीत संकोची. तेव्हा त्यांच्या पत्नी बेर्टाबाई एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, दोन मुलगे बरोबर घेऊन गाडी काढून निघाल्या त्या थेट माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास बाईने केला आणि तो माहेरी जाण्यासाठी केला, हा इतिहास आमच्या घरी वारंवार ऐकवला जातो. वाटेत इंधनाच्या नळीत कचरा अडकला. बाईंनी टोपीची टाचणी काढून नळी साफ केली. पुढे ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं आणि वीज भलतीकडे जाऊ लागली. बाईंनी मोज्याचा बंद सोडून त्या तारेला गुंडाळला. शिवाय इंजिन थंड ठेवायला जे पाणी होतं ते उकळून वाफ होऊन जायचं, म्हणून दिसेल त्या ओढ्यावर नि घरापाशी पाणी मागत जावं लागलं. म्हणजे मोटारीची दोन जुनाट दुखणी, वीज कुठे गेली आणि पाणी कुठे गेलं, ही दोन्ही एकाच प्रवासात सापडली. गेल्या एकशे तीस-पस्तीस वर्षांत त्यांत तिसऱ्याची भर पडलेली मला तरी दिसत नाही. बाकीची सगळी दुखणी हप्त्यांची असतात.

आता गंमत अशी की, सुरुवातीला पाणी आणि उजेड यांचं मोटारीत फार गूळपीठ होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी गाड्यांना दिवे असत ते कार्बाइडचे. हे तेच कॅल्शियम कार्बाइड, ज्याने आंबे पिकवायला सरकारने बंदी केली आहे आणि तरीही पिकवले जातात. दिव्याच्या खालच्या भांड्यात कार्बाइडचे खडे, वरच्या भांड्यात पाणी. थेंब थेंब पाणी खाली पडलं की अॅसिटिलीन वायू निघायचा आणि त्याची ज्योत पेटायची. पाण्याचा थेंब वाढवला की उजेड वाढला, पाणी संपलं की अंधार. दिव्यात पाणी शिरलं म्हणून तो लागला, असं म्हणता येणारा मोटारींच्या इतिहासातला तेवढाच काळ.

हा संसार मोडला तो एका गल्ल्यामुळे. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटणारच. अमेरिकेतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर नावाची कंपनी होती. दुकानदाराच्या गल्ल्याचं यंत्र तेव्हा हाताने फिरवायचं असे. चार्ल्स केटरिंग नावाच्या तरुण इंजिनिअरने त्याला विजेची मोटर बसवली. एवढ्याशा जागेत पुरेशा ताकदीची मोटर बसायची कशी, हा प्रश्न होता. केटरिंगने विचार केला, गल्ला काही दिवसभर उघडत नाही, क्षणभर उघडतो. तेव्हा लहान मोटरवर क्षणभर भलता भार टाकला तरी ती जळणार नाही. हीच युक्ती त्याने पुढे मोटारगाडीला लावली. तोवर गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारायचं, आणि इंजिनाने उलट झटका दिला की मनगट मोडून घ्यायचं. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, त्याच्याबरोबर बॅटरी, ती भरणारा डायनमो आणि विजेचे दिवेही आले. मनगटं वाचली, पण गाडीच्या अंगात तारांचं जाळं शिरलं आणि त्या दिवसापासून पाणी परकं झालं. बॅटरीच्या पोटात तेवढं दोघांचं अजून जमतं, तेही डिस्टिल्ड वॉटर असेल तर.

या तारांमध्ये एक काटकसर आहे, आणि जुन्या गाडीची निम्मी रड त्या काटकसरीची आहे. घरात दिव्याला दोन तारा लागतात, एक जायची, एक यायची. गाडीत यायची तार घालतच नाहीत. दिव्यातून निघालेली वीज गाडीच्या पत्र्यातून चालत बॅटरीकडे परत जाते. लग्नाला टॅक्सीने जाऊन परत पायी येणाऱ्या पाहुण्यासारखं आहे हे. तारेचा निम्मा खर्च वाचतो. या परतीच्या वाटेला इंग्रजीत म्हणतात ‘अर्थ’. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे अर्थाचं महत्त्व मला पहिल्यापासून पटवण्यात आलं होतं, पण “साहेब, तुमच्या दिव्याला अर्थच नाय” हे वाक्य मिस्त्रीकडून प्रथम ऐकलं तेव्हा जरा लागलं. पत्रा नवा असेतो ठीक असतं. पत्रा गंजला की परतीची वाट बंद. मग वीज काय करते, तर माणसं करतात तेच. समोरचा रस्ता बंद दिसला की शेजाऱ्याच्या अंगणातून जाते. तुम्ही ब्रेक दाबता आणि ब्रेकचा दिवा न लागता पुढचे छोटे दिवे मिणमिणायला लागतात. माणूस म्हणतो गाडीला भूत लागलं. भूत वगैरे काही नसतं, वीज अर्थ शोधत फिरत असते.

इंग्रजांनी या प्रकरणातून एक विनोद काढला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं विजेचं सामान ब्रिटिश गाड्यांत पिढ्यान् पिढ्या बसलं, आणि जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांनी जोसेफ लुकास यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी दिली. माझ्या मते हा त्या गृहस्थांवर अन्याय आहे. त्यांची सुरुवात रॉकेलपासून, आणि नाव झालं ते सायकलच्या दिव्यांवर. १९०२ साली ते वारले तेव्हा मोटारींना विजेचे दिवे असणं ही नवलाईच होती. ते पक्के दारूबंदीवाले होते. इटलीत नेपल्सला गेले असता वाइनला न शिवता तिथलं पाणी प्यायले आणि विषमज्वराने गेले, असं सांगतात. विजेच्या सामानाला ज्यांचं नाव लागलं ते गेले पाण्याने. यापुढे टीकाकारांनी गप्प बसावं.

आपल्याकडे हे सगळं बोटीने आलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० चा १९६२ चा आराखडा तुरीन शहरातला. तीच गाडी पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, म्हणजे इटालियन मुलीने थेट चितोडच्या राणीचं नाव लावलं. कारखान्यात तिचं उत्पादन थांबलं २००० च्या सुमारास, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली. एवढ्या वर्षांत त्या गाड्यांनी काय सोसलं याचा हिशेब एका आकड्यात सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुरीनला जवळपास तेवढा पाऊस पडायला वर्ष लागतं. मुंबईच्या आषाढात टिकलेल्या त्या गाडीला नावं ठेवताना मी तरी दहादा विचार करीन.

पाणी बाहेर जाण्याचं दुखणं त्यामानाने सोपं. ते डोळ्यांना दिसतं. बोरघाट चढताना बॉनेट उघडून, शिट्टी झालेल्या कुकरकडे पाहावं तसं रेडिएटरकडे पाहत उभी असलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते सांगायला नको. बारीक गळती असली तर रेडिएटरमध्ये हळद टाकायची. हळद छिद्रापाशी जाऊन बसते आणि घर येईतो दम धरते. विलायतेत म्हणे याच कामाला अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग वापरत. शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन्ही परंपरा आहेत. खरी परीक्षा असते ती आत येणाऱ्या पाण्याची, कारण ते शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे आणि खोळंबा करतं तिसरीकडे.

आमच्या घरात एक गाडी आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. उतारवयात कोणाची जाहीर नाचक्की करू नये. पस्तिशी उलटली आहे तिची. ती बाबांची आहे, आणि बाबा ऐंशीचे आहेत. चालवत नाहीत आता. पण रविवारी सकाळी पेपर घेऊन तिच्यात जाऊन बसतात. खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करावी लागते, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. त्यात गाडी तपासतात. गेल्या पावसाळ्यात ती तारीख येऊन ठेपली आणि नेमक्या त्याच वेळी गाडीने तीन तक्रारी मांडल्या. एक, पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत बॅटरी बसायची. दोन, ब्रेक दाबला की मघाशी सांगितलेला भुताचा खेळ. तीन, डिकीत पाणी. स्टेपनी उचलली तर खाली तळं. धाकटा भाऊ नाशिकहून फोनवर म्हणाला, “दादा, भंगारात काढ आता. बाबांना मी सांगतो.” सांगितलं मात्र नाही त्याने. कोण सांगणार?

तज्ज्ञांची मतं घेतली. बॅटरीवाला म्हणाला बॅटरी नवी घ्या. वायरिंगवाला म्हणाला सगळं वायरिंग नवं करा. रबरवाला म्हणाला डिकीचं रबर बदला, आणि ते तर आधीच दोनदा बदललेलं होतं. प्रत्येकाने आपल्या दुकानात जे होतं त्याचंच निदान केलं. शेवटी बाबांनीच त्यांच्या जुन्या मिस्त्रींचं नाव काढलं. पुलाखाली एक पत्र्याची टपरी, वय पासष्टच्या पुढे. हत्यार काय, तर होल्डरमधला एक बल्ब आणि त्याच्या दोन तारा.

मिस्त्रींनी बॅटरीची अर्थची तार सोडवली आणि मध्ये तो बल्ब लावला. गाडी बंद, सगळी बटणं बंद, आणि बल्ब मंद पेटला.

“बघा, साहेब. कोणतरी जागं आहे घरात.”

मग एकेक फ्यूज काढत गेले. तिसरा काढला नि बल्ब विझला. हे पाहून मला एकदम भरून आलं. बँकेत संगणक यायच्या आधी दिवसअखेर हिशेब जुळेना की जुने हेडक्लार्क असंच करायचे म्हणे. फरक किती? सत्तावीस रुपये. नवाने भाग जातो? जातो. म्हणजे कोणीतरी ४७ चे ७४ केलेत, शोधा. सगळी वही पुन्हा तपासायची नाही, चूक कुठल्या कप्प्यात आहे ते आधी ठरवायचं.

त्या फ्यूजवर फार काही नव्हतं. घड्याळ होतं, ते बऱ्याच वर्षांपूर्वी थांबलेलं. आतला दिवा होता, तो विझलेला दिसत होता. मिस्त्री बाबांकडे वळले.

“काका, डिकीत तुम्ही दिवा बसवून घेतला होता ना माझ्याकडनं?”

बाबांचा चेहरा उजळला. “एकोणनव्वद साली! गणपतीत!”

मिस्त्रींनी मागच्या सीटची पाठ काढली आणि मला आत डोकवायला लावलं. बंद डिकीत दिवाळी होती. दिव्याचा स्विच गंजून चालूच राहिला होता. पाऊस लागला की तो अडकायचा. आता गंज आला कुठून? डिकीत खडूची पूड भुरभुरली, बल्ब पकडायला बाबा, आत पाहायला मी, आणि बाहेर मिस्त्री नळी घेऊन. पाणी वरून ओतायचं नाही, हे त्या दिवशी कळलं. वरून ओतलं की सगळंच ओलं होतं आणि काहीच समजत नाही. खालून सुरुवात करून वीत वीत वर जायचं. बंपर झाला, डिकीची कड झाली, काही नाही. नळी डावीकडच्या लाल दिव्यावर आली आणि पांढऱ्या पुडीत एक ओघळ चालत आला.

दिव्यामागचं रबर कडक होऊन तडकलं होतं, एवढंच. तिथून पाणी आत. त्या पाण्याने दिव्याची अर्थ गंजवली, म्हणून ब्रेकचा खेळ. तेच पाणी ओघळून स्विचवर, म्हणून बॅटरी. उरलेलं स्टेपनीखाली. तीन तक्रारी, आरोपी एक. मिस्त्रींनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने रबर कापलं, पत्रा कानशीने घासून चकचकीत केला, अर्थचा स्क्रू आवळला. मोज्याचा बंद गुंडाळणाऱ्या बेर्टाबाई तिथे असत्या तर त्यांनी एखादं रबर नक्की कापून दिलं असतं.

“तुमच्याकडे शिकायला कोणी मुलगा आहे का?” मी विचारलं.

“मुलगा शोरूमला आहे, साहेब. तिथे मशीन लावलं की गाडी स्वतःच सांगते काय दुखतंय. चांगलं आहे ते.” नळी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, “हिला विचारावं लागतं.”

तपासणीच्या दिवशी साहेबांनी ब्रेक दाबायला लावला. ब्रेकचे दोन्ही दिवे लागले, आणि फक्त तेच लागले. बाबा मागे उभे राहून दर खेपेला “लागला!” असं ओरडत होते. साहेबांनी दोनदाच सांगितलं होतं. बाबांनी मला सहा वेळा दाबायला लावला. कागदावर शिक्का पडला, पर्यावरण कराची पावती हातात आली आणि गाडीला पाच वर्षं मिळाली.

डिकीतला दिवा काढून टाकावा, अशी सूचना मी केली होती. ती फेटाळण्यात आली. स्विच नवा बसवला आहे. बाबा आता रोज रात्री जेवण झाल्यावर खाली जाऊन दिवा नीट विझलाय ना ते डिकी उघडून पाहतात, आणि उघडली की तो लागलेला असतो.