धवला, जत्रा आणि दिवाळी अंक : उल्हास-वालधुनीकाठच्या कलेचे वर्षचक्र

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत शिष्यवृत्त्यांची यादी, वधूवरांची माहिती, दिवंगतांचे स्मरण व देणगीदारांचे आभार हे विषय नेमाने येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. परंतु अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यात आगरी समाज वर्षाच्या कोणत्या महिन्यात काय गात आला, कोठे जमत आला, आणि त्या गाण्याला पुढे कोणती दारे उघडली किंवा मिटली, याची नोंद या पानांत आजवर झालेली नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

या लेखाचे निमित्त मोठे नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आम्ही तिघेजण बदलापूरच्या पलीकडील एका गावी एका वृद्ध धवलारणीकडे गेलो होतो. तिच्या तोंडचे धवले उतरवून घ्यावेत, येत्या अंकात छापावेत, असा बेत होता. म्हातारीने आम्हांस चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि गाण्याची गोष्ट काढताच हात जोडले. "मांडव नाय, हलद नाय, न् मी धवला कसा गाव?" एवढेच ती म्हणाली. आम्ही पुष्कळ आर्जव केले. ती हसली, पण गायली नाही. परतताना आमच्यातील तरुण सहकारी काहीसा रागावला होता. आम्हांला मात्र वाटले की, चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही ऋतू चुकलो होतो.

शेतीवर जगणाऱ्या माणसाचे गाणे हे पंचांगाला बांधलेले असते. आषाढात चिखलात उभे राहून भाताची लावणी करताना म्हटली जाणारी गाणी माघात कोणी म्हणत नाही. भाद्रपदात गौरी येतात, त्यांच्यापुढे रात्र जागवणाऱ्या बायकांच्या फेराची गाणी निराळी. फाल्गुनात शिमगा, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईची यात्रा, आणि तुळशीचे लग्न लागल्यापासून पुढे पाऊस येईपर्यंत लग्नसराई. या लग्नसराईचा प्राण म्हणजे धवला. हळद, तेलवण, मांडव, उंबराची फांदी, नवरानवरीची अंघोळ, अशा एकेका विधीला स्वतंत्र धवला असतो, आणि तो गाणारी धवलारीण ही त्या घटकेपुरती घरातील पुरोहितच असते. अनेक घरांत ती विधवा असे. जिला इतर मंगलकार्यांत मागे बसावे लागे, तिच्याच शब्दाखेरीज येथे हळद लागत नसे. आपल्या समाजाच्या सुधारणेविषयी लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

धवला हा शब्द काही कालपरवाचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आला आहे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथात ज्या गीतप्रबंधांची गणना केली, त्यांत ओवीबरोबर 'धवल' हाही प्रबंध आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदंबेने रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळाच्या प्रसंगी कृष्ण-रुक्मिणीविवाहाचे 'धवळे' रचले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिला मान मिळाला. महदंबेचे धवळे विद्यापीठात अभ्यासाला लागतात. आपल्या आजीचे धवले लागत नाहीत. दोहोंची भाषा, प्रसंग व चाल यांत भेद आहे हे मान्य. पण नाव एक, कार्य एक आणि गाणारी स्त्री एक, हे नाते नजरेआड करता येणार नाही.

आता अंबरनाथाच्या देवळाकडे वळू. वालधुनीच्या काठावरील हे शिवालय उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळचे. छित्तराजाच्या कारकिर्दीत त्याचा आरंभ झाला आणि मुम्मुणीच्या काळी शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, ते पूर्ण झाले, असे तेथील शिलालेखावरून मानले जाते. बाहेरच्या भिंतींवर देवदेवता, नर्तिका व वादक यांची इतकी दाटी आहे की, उभे राहण्यास जागा नाही म्हणून एखादी मूर्ती परत गेली असेल असे वाटावे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावे लागते, आणि माथ्यावर शिखर पूर्ण नसल्याने वरून उजेड थेट पिंडीवर पडतो. या देवळाने आपल्या लोकांना वर्षातून एकदा, माघातील महाशिवरात्रीला, एकत्र आणले. जत्रेला बैलगाड्यांनी येणारी माणसे रात्रभर भजन करीत. पागोटी, बांगड्या व मातीची भांडी यांच्या खरेदीबरोबर सोयरिकीही याच वाळवंटात ठरत.

या देवळाने कलावंतांना संधी दिली ती मात्र आपल्याला ठाऊक नसते. १८६८ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे पथक येथे आले. त्यांनी कोरीव कामाची रेखाचित्रे काढली, साचे घेतले, छायाचित्रे टिपली. देवळाच्या कलेची अभ्यासपूर्वक नोंद होण्याचा तो आरंभकाळ होता. साच्यांसाठी पाणी वाहणारे, परांची बांधणारे हात कोणाचे असतील याची कल्पना प्रत्येक वाचकाने करावी. अलीकडच्या वर्षांत त्याच आवारात शिवमंदिर कला महोत्सव भरू लागला असून चित्रकार व शिल्पकार लोकांसमोर काम करतात, नामवंत गायकही येतात. हा उपक्रम आम्हांला आवडतो. फक्त रंगमंचाच्या यादीत जवळच्या गावची एखादी धवलारीण किंवा भजनी मंडळ शोधू लागल्यास डोळे थकतात.

रेल्वे व कारखाने यांनी या वर्षचक्रात मोठा फेर केला. १८५६ साली लोहमार्ग कल्याणहून खोपोलीकडे गेला आणि बदलापूर हे घाटवाटेवरचे गाव स्थानक झाले. पुढे अंबरनाथास धरमसी मोरारजी यांचा रसायनांचा कारखाना व 'विमको'चा आगपेट्यांचा कारखाना आला. पाळीवर जाणाऱ्या माणसाला लावणीची सुटी नसते, तेव्हा लावणीचे गाणे प्रथम त्याच्या ओठावरून गेले. त्याच्या जागी कारखान्याच्या वसाहतीतील गणेशोत्सव आला, मेळे आले, नाटके आली. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्यावर हौशी मंडळांना हिवाळ्याची वाट पाहण्यास नवे कारण मिळाले. चौदा एप्रिलच्या आसपास आंबेडकरी जलशांचे फड रंगत, आणि त्यांतील कवने ऐकण्यास आपल्या वाड्यांतील तरुणही जात, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो. कल्याण-डोंबिवली परिसरात ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे यांनी वारकरी कीर्तन गावोगाव नेले. त्यांचे नाव आज डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला आहे, पण त्यांच्या कीर्तनाने किती आगऱ्यांच्या हातात प्रथम टाळ व पुढे पोथी आली, याची मोजदाद कोणी केली नाही.

दुसऱ्या महायुद्धाने याहून कठोर फेर केला. कल्याणनजीक सैन्याची छावणी पडली, नेवाळीस विमानांच्या धावपट्टीसाठी जमिनी घेतल्या गेल्या. त्या जमिनींचे दुःख किती खोल आहे, हे २०१७ च्या जून महिन्यात तेथे उसळलेल्या आंदोलनाने सर्वांना दिसले. फाळणीनंतर त्याच लष्करी बराकींत सिंधहून आलेले हजारो निर्वासित उतरले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. आपल्या लोकांनी हे शेजारी प्रथम संशयाने पाहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांची भूमी गेली ते आणि ज्यांचा देश गेला ते, दोघेही एकाच नदीकाठी कडवटपणाने उभे होते.

परंतु गाण्याने तेथे जे केले ते सांगण्याजोगे आहे. सिंधी लग्नात बायका एकत्र बसून 'लाडा' गातात. त्यांत नवऱ्याची थट्टा, विहिणींचे टोमणे, नवरीची आळवणी हे सर्व असते. आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध बाई शहाडच्या बाजूस भाजी विकावयास जात. त्या सांगत की, एका छावणीत लग्नघरी लाडा चालू असता त्या टोपली खाली ठेवून दारात बसल्या, शब्द एक कळला नाही, पण कोणता विधी चालला आहे ते चालीवरून कळले. पुढे चेटीचंड व गुढीपाडवा हे सण जवळजवळ येतात याचेही त्यांना कौतुक वाटू लागले. सिंधी कवींनी आपली भाषा, प्रदेश गमावलेला असताना, गोष्टीगाण्यांतून जतन केली व १० एप्रिल १९६७ रोजी तिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. आपण प्रदेशावर उभे असूनही आपल्या बोलीची लाज बाळगतो.

लाजेची ही गोष्ट आम्ही इतरांवर ढकलणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन मुलीने आपल्या आजीचे चार धवले वहीत उतरवून स्मरणिकेसाठी पाठवले होते. त्या वेळच्या आमच्याच संपादक मंडळाने 'भाषा अशुद्ध आहे, शुद्ध मराठीत लिहून पाठवावे' असा शेरा मारून ते परत केले. त्या मंडळात आम्हीही होतो. त्या मुलीने पुन्हा काही पाठवले नाही. आजी त्याच सुमारास वारली असे नंतर कळले, आणि वही कोठे गेली ते कळले नाही.

एखाद्या लिहिणाऱ्याला वेळेवर मिळालेला एक शब्द काय करतो, याचे मराठीत एक ठळक उदाहरण आहे. १९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने तेथे कविता म्हटली, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटले, आणि ते नाव कायमचे राहिले. कीर्तिकरांनी त्याच्या बोलीवर शेरा मारला असता तर काय झाले असते, हा विचार आम्हांस त्या वहीच्या आठवणीने अनेकदा येतो.

आज लिहिणाऱ्यास दारे पूर्वीपेक्षा पुष्कळ उघडी आहेत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून आषाढ-श्रावण हे दोन महिने मराठी लेखकाचे पेरणीचे महिने झाले आहेत. पावसाळ्यात लिहून पाठवावे आणि दिवाळीत पीक पहावे, असा तो क्रम. कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ पासून कोकणच्या बोलींना व्यासपीठ देत आली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये अखिल भारतीय संमेलन डोंबिवलीस, म्हणजे आपल्या उंबरठ्यावर, भरले. आगरी बोलीची स्वतंत्र संमेलनेही भरतात. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी शाळाशाळांतून काव्यवाचन होते. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेले ग्रंथसखा वाचनालय दुर्मिळ मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. आपल्या किती पदवीधरांनी त्याची पायरी चढली आहे हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही. या वर्षापासून आमच्या स्मरणिकेत बोलीतील लेखनासाठी आठ पाने राखून ठेवली असून त्यांस शुद्धलेखनाची अट नाही. मजकूर कृष्णजन्माष्टमीपूर्वी कार्यालयात पोहोचावा.

त्या धवलारणीकडे आम्ही पुन्हा गेलो, ते पुढल्या वैशाखात, तिच्या नातवाच्या हळदीला. अंगणात ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या होत्या, आणि त्यांच्या धक्क्याने मांडवाच्या पताका हलत होत्या. म्हातारी मागील पडवीत पाच बायका घेऊन बसली होती. आमच्या तरुण सहकाऱ्याने भ्रमणध्वनी तिच्यासमोर ठेवला. तेलवणापासून तिने आरंभ केला. मध्येच थांबून एका सुनेला ओळ चुकल्याबद्दल रागावली, पुन्हा सुरुवात केली. दोन तासांनी यंत्रातील जागा संपली, असे त्याने हळूच सांगितले. तिला ते ऐकू गेले नाही. उंबराची फांदी अजून यावयाची होती.