विकत घेतलेलं गेमचं पुस्तक प्रिंट करता येतं का? पालकांनी आणि झेरॉक्सवाल्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

"अम्मी, गेमच्या पुस्तकाची तीनशे पानं प्रिंट करायची आहेत. पैसे तर आपण भरलेत ना?" प्रश्न साधा वाटतो, पण पैसे नेमके कशाचे भरले हे बघितल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. समजा, मुलानं ईदीच्या पैशातून ऑनलाइन पुस्तक घेतलं आणि मिरा रोड स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यानं ते छापायला नकार दिला, तर चूक कोणाची? याची माहिती मराठीत सहसा एका जागी मिळत नाही, म्हणून आम्ही ती इथे देत आहोत.

हा खेळ आहे तरी काय?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि कठीण प्रसंगात काय होणार ते फासे टाकून ठरवतात. आपल्याकडे दास्तान ऐकायची रीत होती. इथे ऐकणाराच दास्तानमधलं पात्र होतो, एवढाच फरक. या प्रकारातला सर्वात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ अमेरिकेत १९७४ साली बाजारात आला.

एक लांबलचक गोष्ट महिनोन्महिने चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. तिच्या नोंदी, नकाशे आणि नियम सांभाळायला आता सॉफ्टवेअर आहेत. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ पासून, 'रोल२०' २०१२ पासून, 'डी अँड डी बियाँड' २०१७ पासून आणि 'फाउंड्री' २०२० पासून मिळतं. त्यामुळे एक मित्र भाईंदरला आणि दुसरा पुण्याला असला तरी घरबसल्या एकत्र खेळता येतं.

पैसे पुस्तकाचे की परवान्याचे?

दुकानातून छापील पुस्तक आणलं की ती प्रत आपली झाली. वाचा, भावाला द्या, रद्दीत विका, कोणी विचारणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये तसं नसतं. तिथे आपण बहुतेक वेळा ते पुस्तक त्या खात्यावर वाचायचा आणि खेळात वापरायचा परवाना घेतो. खातं बंद झालं किंवा कंपनीनं सेवा थांबवली, तर पुस्तकही हातचं जाऊ शकतं. म्हणूनच मुलांना छापील प्रत हवीशी वाटते, आणि ती इच्छा काही गैर नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअरची पद्धत वेगळी आहे. 'डी अँड डी बियाँड'वर मुलाच्या पात्राचा तक्ता, म्हणजे कॅरेक्टर शीट, पीडीएफ करून छापता येतो, पण विकत घेतलेलं पुस्तक ब्राउझरमध्ये किंवा अॅपमध्येच वाचायचं असतं. 'फँटसी ग्राउंड्स'मध्ये आपण स्वतः लिहिलेलं साहित्य वेगळ्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट करता येतं. त्यांच्या स्टोअरमधून घेतलेलं साहित्य मात्र कुलूपबंद फाइलमध्ये येतं. 'फाउंड्री' आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे स्वतःच्या नोंदी आपल्याजवळ राहतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. विकत घेतलेल्या पुस्तकातला एखादा राक्षस किंवा नकाशा आपल्या कॅम्पेनमध्ये कॉपी केला, तर काही वेळा तो आपल्या नोंदींबरोबर एक्स्पोर्टही होतो. सॉफ्टवेअरनं अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. मजकुराचा मालक बदललेला नसतो. ती फाइल मित्रांच्या ग्रुपवर टाकली, तर दुसऱ्याचं पुस्तक वाटल्यासारखंच झालं.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ लागू आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, अभ्यास-संशोधनासह, 'वाजवी' वापराला मुभा आहे. पण वाजवी म्हणजे किती पानं, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. "दहा टक्क्यांपर्यंत चालतं" असं लोक बोलतात, पण असा आकडा या कलमात नाही. वापर कशासाठी, किती भाग घेतला, मूळ पुस्तकाच्या विक्रीला धक्का बसतो का, हे बघून ठरवलं जातं. खेळताना समोर हवीत म्हणून चार-पाच पानं घरच्या प्रिंटरवर काढणं वेगळं. अख्खं पुस्तक काढून स्पायरल बाइंडिंग करणं आणि पाच मित्रांसाठी पाच प्रती काढणं वेगळं. पहिल्या गोष्टीला कायद्याचा आधार दाखवता येईल, दुसरीला दाखवणं फार अवघड जाईल.

२०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूनं डिजिटल कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्यामुळे इंटरनेटवर 'पुस्तक फोडून देणारी' छोटी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या नादी मुलांनी लागू नये. शिवाय अशा सॉफ्टवेअरमधून कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरायचा धोका असतोच.

कायदा काहीही म्हणो, खातं उघडताना मान्य केलेल्या अटीही असतात. त्या मोडल्या तर कंपनी खातं बंद करू शकते आणि घेतलेली सगळी पुस्तकं एका फटक्यात जाऊ शकतात. आपल्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला करार करता येत नाही. म्हणून खातं अब्बू किंवा अम्मीच्या नावावर असावं आणि अटीही त्यांनीच वाचाव्यात.

झेरॉक्सवाल्याची बाजू

झेरॉक्स दुकानाचा विषय निघाला की दिल्लीच्या खटल्याचं नाव येतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तिथलं 'रामेश्वरी फोटोकॉपी' हे दुकान यांच्यावर दावा केला होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. "मग आता सगळंच छापायला मोकळीक" असा अर्थ काही जण काढतात, तो चुकीचा आहे. तो निकाल शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी शिकण्या-शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींबद्दल होता. करमणुकीच्या खेळाला तो आपोआप लागू होत नाही.

दुकानदारासाठी कलम ६३ महत्त्वाचं आहे. जाणूनबुजून हक्कभंग केला किंवा त्याला मदत केली, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यात नफा कमावण्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण दुकानदार प्रत्येक पानाचे पैसे घेतो, त्यामुळे ही सवलत त्याच्या कामी येणं कठीण. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं. म्हणून तीनशे पानांच्या फाइलला दुकानदारानं नाही म्हटलं, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याच्यावर रोजीरोटीची जबाबदारी आहे.

काही पुस्तकांत मात्र कॅरेक्टर शीटच्या पानावर "स्वतःच्या वापरासाठी प्रत काढायला परवानगी आहे" अशी ओळ छापलेली असते. ती ओळ काउंटरवर दाखवावी, काम सोपं होतं.

नियम कोणाचे नसतात, शब्द असतात

खेळाची कल्पना आणि ती मांडणारे शब्द-चित्रं यांत कायदा फरक करतो. आपल्याकडचं चांगलं उदाहरण म्हणजे कोलकात्याच्या दोन भावांचा 'स्क्रॅब्युलस' हा ऑनलाइन खेळ. 'स्क्रॅबल'ची कंपनी मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयानं कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, पण मिळतंजुळतं नाव वापरायला ट्रेडमार्कच्या कारणानं मनाई केली.

याचा आपल्याला उपयोग असा: "वीस बाजूंचा फासा टाका, त्यात ताकदीचा आकडा मिळवा" हा नियम मुलानं स्वतःच्या मराठीत वहीत लिहिला, तर सहसा अडचण नाही. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला किंवा चित्र छापलं, तर ते दुसऱ्याचं आहे.

बिनधास्त छापता येईल असं काय आहे?

बरंच काही आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये खुल्या परवान्याच्या अटी कडक करायचा प्रयत्न केला. जगभरातले खेळाडू भडकले. शेवटी २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली आणि खेळाच्या मूळ नियमांचा 'एसआरडी ५.१' हा दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुला केला. त्याची पीडीएफ फुकट मिळते. ती छापता येते, वाटता येते, तिचा मराठी अनुवादही करता येतो. अट एकच, परवान्यात सांगितलेली श्रेयाची ओळ सोबत द्यायची. खेळ सुरू करायला एवढे नियम पुरेसे आहेत.

गोष्टीसाठीही परदेशी पुस्तकाची गरज नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा कॉपीराइट संपतो. कृष्णशास्त्री चिपळूणकर १८७८ मध्ये वारले, त्यामुळे त्यांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टी आता सर्वांच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात लखनऊच्या नवल किशोर प्रेसनं छापलेली उर्दू 'तिलिस्म-ए-होशरुबा'ही तशीच. अय्यार, जादूगार, तिलिस्मी किल्ले, कॅम्पेनला आणखी काय लागतं? मात्र अलीकडच्या अनुवादकाचा मजकूर त्या अनुवादकाचा असतो, तो उचलू नये.

आणि मुलानं स्वतः रचलेली गोष्ट, काढलेला नकाशा, लिहिलेलं पात्र हे त्याचंच. लिहिल्या क्षणी त्यावर त्याचा कॉपीराइट येतो, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून नोंदणी करायचीच असेल, तर केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न

पुस्तकाची पीडीएफ मिळते की फक्त खात्यावर वाचता येतं? स्वतःच्या वापरासाठी प्रिंट काढायची परवानगी लिहिलेली आहे का? खातं बंद झालं तर काय हातात राहतं? कागदावरच खेळायचं असेल, तर छापील पुस्तक किंवा प्रिंटची परवानगी असलेली पीडीएफ घेणं बरं. अनेक प्रकाशक अशी पीडीएफ विकतात, पण काही ठिकाणी प्रत्येक पानावर खरेदीदाराचं नाव आणि ऑर्डर नंबर असतो. ती फाइल ग्रुपवर फिरली, तर कोणाकडून फुटली हे लगेच कळतं. नाव आपलं असतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.